अक्कलदाढ आणि उसाचा हंगाम

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात दसरा उलटला की मुकादमांची ये-जा वाढते आणि दिवाळीच्या पुढेमागे अनेक घरांना कुलपे लागतात. उचल घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. यातल्या अनेकांचा पहिला ‘कोयता’ विशीच्या आसपास सुरू होतो. माणसाच्या तोंडातली शेवटची दाढही साधारण याच वयात, १७ ते २५ च्या दरम्यान, वर येऊ पाहते. म्हणजे ज्या वर्षांत अक्कलदाढ त्रास देण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच वर्षांत इथला तरुण वर्षातले पाच-सहा महिने घरापासून, ओळखीच्या डॉक्टरपासून आणि स्वच्छ पाण्यापासून दूर असतो.

अक्कलदाढ हा ऊसतोड कामगारांचाच प्रश्न आहे असे नाही. गढीच्या शाळेतल्या शिक्षकाला, मोंढ्यातल्या अडत्याला आणि पुण्यात नोकरीला गेलेल्या त्याच्या मुलीलाही ती छळते. पण ही दाढ काढावी का, कधी काढावी आणि काढल्यावर काय सांभाळावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुस्तकात एक असली तरी गेवराईत ती वर्षाच्या वेळापत्रकाला लावून पाहावी लागतात. या विषयात वैद्यकशास्त्राला आज काय कळले आहे आणि ते इथे कसे लागू पडते, याचा हा आढावा.

दाढ अडकते कशी

प्रत्येकाला चार अक्कलदाढा येतातच असे नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो की पाचांतल्या एकाहून थोड्या जास्त लोकांना निदान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते आणि साधारण चारांतल्या एकाची निदान एक दाढ जबड्यात अडकून राहते. सर्वांत शेवटी येत असल्याने तिच्या वाट्याला उरलेली जागा येते. जागा पुरेशी असेल तर ती सरळ वर येते. नसेल तर पुढच्या दाढेकडे कलते, आडवी पडते, मागे झुकते किंवा हाडातच राहते. खालच्या जबड्यात पुढे कललेली दाढ सर्वाधिक आढळते.

जबडे लहान का झाले, यावर मऊ, शिजवलेल्या अन्नाकडे बोट दाखवले जाते. वाढीच्या वयात चावण्याचे कष्ट कमी पडले की जबडा पुरेसा वाढत नाही, असे हे म्हणणे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी १९८०च्या दशकात उत्तर भारतात ग्रामीण आणि शहरी तरुणांच्या दातांची तुलना केली, तेव्हा शहरातल्या मुलांच्या दातांची ठेवण अधिक बिघडलेली दिसली. यावरून ज्वारीची भाकरी खाणाऱ्याची अक्कलदाढ अडकत नाही असा निष्कर्ष काढता येणार नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि भाकरीवर वाढलेल्या घरांतही आडव्या दाढा निघतात.

पूर्ण अडकलेली दाढ अनेकदा वर्षानुवर्षे गप्प असते. खरा त्रास देते ती अर्धवट वर आलेली दाढ. तिच्यावर हिरडीची झापड राहते, झापडीखाली अन्नाचे कण साठतात, जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि वरची दाढ त्या सुजेवर आदळत राहते. तोंड उघडेनासे होते, गिळताना कळ येते, तोंडाला वास येतो, कधी ताप चढतो. दंतवैद्य याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अधिमांस’ या नावाने जे वर्णन आहे, तेही शेवटच्या दाढेशी येणारी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे असेच आहे. चिकित्सा सांगताना सुश्रुताने ते वाढलेले मांस कापून त्यावर वेखंड, पाठा, यवक्षार यांसारख्या औषधांचे चूर्ण मधातून लावायला सांगितले आहे. हिरडीची झापड कापण्याची ती पद्धत आजही काही वेळा वापरली जाते. मात्र दाढेला जागाच नसेल तर झापड पुन्हा वाढते.

काढावी की राहू द्यावी

दुखणारी, किडलेली, पू झालेली दाढ काढण्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो न दुखणाऱ्या अडकलेल्या दाढेचा. अमेरिकेत अशा दाढा विशीच्या आतच काढून टाकण्याची पद्धत रुळली. त्यावर २००७ मध्ये जे फ्रीडमन या दंतवैद्याने अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यविषयक नियतकालिकात कठोर टीका केली. दरवर्षी सुमारे ५० लाख लोकांच्या सुमारे एक कोटी अक्कलदाढा काढल्या जातात आणि त्यांतल्या निदान दोन-तृतीयांश काढण्याची गरज नसते, असा त्यांचा अंदाज होता.

ब्रिटनने उलटी वाट धरली. तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २००० मध्ये जो पहिलाच निर्णय दिला, तो याच विषयावर होता. आजार नसलेली अक्कलदाढ सरकारी सेवेत काढू नये. हिरडी एकदाच सुजली आणि तो त्रास तीव्र नसला तर लगेच काढू नये. दुसऱ्यांदा सुजली तर काढण्याचा विचार करावा. दुरुस्त न होणारी कीड, गाठ, पू, शेजारच्या दाढेची हानी ही काढण्याची योग्य कारणे मानावीत. सुरुवातीला शस्त्रक्रिया घटल्या. पुढे त्यांची संख्या पुन्हा वाढली, रुग्णांचे सरासरी वयही वाढले आणि एक नवी तक्रार पुढे आली. पुढे कललेली अक्कलदाढ तशीच ठेवल्याने तिच्या पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडू लागली होती. ही कीड आरशात दिसत नाही. कळते तेव्हा दोन्ही दाढा गमावण्याची वेळ आलेली असते.

उपलब्ध संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन गटाचा निष्कर्ष असा, की निरोगी अडकलेली दाढ काढण्याच्या बाजूने किंवा विरोधात ठाम सांगावे एवढा पुरावा नाही. म्हणून अशी दाढ ठेवायची तर ती नजरेखाली ठेवावी आणि ठरावीक काळाने तपासावी. आणखी एक समजूत इथे मोडून काढायला हवी. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, असे सांगून अनेक तरुणांच्या दाढा काढल्या गेल्या. ब्रिटनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाढा काढलेल्या आणि न काढलेल्या तरुणांच्या पुढच्या दातांच्या गर्दीत लक्षणीय फरक आढळला नाही.

बीड जिल्ह्यात या वादाला एक कडवट पार्श्वभूमी आहे. ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशये काढून टाकल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या काळात सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. दाढ आणि गर्भाशय यांची बरोबरी करता येत नाही, पण त्यामागची विचारसरणी ओळखीची आहे. हंगामात दुखणे नको, खाडा पडला तर दंड कापला जातो, म्हणून एकदाचे काढून टाका. ‘पुढे त्रास होईल’ या एका वाक्यावर शरीराचा भाग काढण्याला इथल्या माणसाने हरकत घ्यायला शिकणे गरजेचे आहे. डॉक्टरला विचारायचे प्रश्न साधे आहेत. आज आजार आहे का? एक्स-रेमध्ये तो दाखवाल का? काढली नाही तर काय होऊ शकते आणि काढताना काय होऊ शकते?

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. हिरडी दोनदा सुजून गेली, पुढच्या दाढेला कीड लागू लागली आणि तरी गोळ्यांवर हंगाम काढला, तर किंमत जास्त पडते. दाढेची मुळे पूर्ण तयार होण्याआधी आणि हाड लवचीक असते त्या वयात शस्त्रक्रिया सोपी जाते. तिशी-चाळिशीनंतर हाड घट्ट होते, मुळे वाकलेली असतात आणि भरून यायला वेळ लागतो. काढायचीच असेल तर विशीत काढलेली बरी.

खुर्चीत काय होते

पहिली पायरी एक्स-रेची. दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा ओपीजी काढला की दाढेचा कल, मुळांचा आकार आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेपासूनचे अंतर कळते. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. मुळे तिला चिकटलेली दिसली तर त्रिमितीय स्कॅन करतात. काही वेळा दाढेचा फक्त वरचा भाग काढून मुळे जागीच ठेवतात, म्हणजे नस वाचते. शस्त्रक्रियेनंतर ओठ किंवा जीभ काही आठवडे बधिर राहण्याचा प्रकार थोड्या रुग्णांत होतो. कायमचा बधिरपणा शंभरात एकाहूनही कमी जणांना येतो. तरीही ही शक्यता रुग्णाला आधी सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

दाढ काढण्याच्या भीतीवर उपाय सापडला तोही एका दाढेमुळेच. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याचा रस्ता मोकळा झाला. आजच्या इंजेक्शनातले लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. ते टोचल्यावर अर्धा ओठ आणि जीभ जड होते. दाब जाणवतो, कडकड आवाज येतो, पण कळ लागू नये. लागली तर हात वर करून सांगावे, डॉक्टर आणखी औषध देतात.

हिरडीला छेद देऊन ती बाजूला सारतात, दाढेवरचे थोडे हाड ड्रिलने कमी करतात, गरज पडल्यास दाढेचे दोन-तीन तुकडे करून बाहेर काढतात, जागा धुतात आणि टाके घालतात. सरळ आलेली वरची दाढ काही मिनिटांत निघते. खालच्या आडव्या दाढेला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडे मजबूत करण्याची इंजेक्शने, गरोदरपण यांतले काहीही असेल तर ते आधी सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

हे कुठे करावे? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे तपासणीची सुरुवात गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयापासून करता येते. अवघड दाढ पुढे पाठवली जाते. तीसेक किलोमीटरवर बीडला जिल्हा रुग्णालय आणि खासगी दंत महाविद्यालय आहे. शंभरेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि तिथे मुखशस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. संभाजीनगरला जायचे तर सकाळची वेळ घ्यावी, सोबत कोणीतरी असावे आणि रक्त थांबल्याची खात्री झाल्याशिवाय परतीची एसटी धरू नये.

पहिला आठवडा

दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. भरून येण्याची सारी क्रिया त्या गुठळीवर उभी असते आणि घरी पाळायची जवळजवळ सगळी पथ्ये तिला जपण्यासाठीच आहेत. कापसाचा बोळा पाऊण-एक तास दाबून धरावा. लाळ गिळावी, थुंकू नये. दर पाच मिनिटांनी बोळा काढून पाहिले की रक्त पुन्हा सुरू होते. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, पाइपने ओढून काही पिऊ नये. रुमालात गुंडाळलेला बर्फ बाहेरून गालावर दहा-पंधरा मिनिटे धरावा, थोडे थांबावे, पुन्हा धरावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा सुरू कराव्यात. बाकीचे दात नेहमीसारखे घासावेत.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. हे आधी माहीत नसले की घरचे घाबरतात आणि गाल शेकायला विटेचा तुकडा तापवतात. तसे करू नये. चौथ्या दिवसापासून सूज उतरायला हवी. वेदनेसाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी एकट्या गोळीपेक्षा चांगली ठरल्याचे कॉक्रेनच्या आढाव्यात दिसले आहे. मात्र पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरला विचारूनच घ्यावे. प्रतिजैविकांची गरज प्रत्येकाला नसते. निरोगी माणसांत एक संसर्ग टाळण्यासाठी साधारण १९ जणांना औषध द्यावे लागते, असे २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. डॉक्टरने दिलेला कोर्स पूर्ण करावा, पण शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

खाण्याची अडचण भाकरीवाल्या घरात जास्त. पहिले दोन दिवस थंड किंवा कोमट आणि पातळ खावे: ताक, दहीभात, गाळलेले हुलग्याचे माडगे, ज्वारीची आंबील, रव्याची खीर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मऊ खिचडी, वरणात चांगली कुस्करलेली पोळी चालते. ठेचा, शेंगदाणे, फुटाणे, तिळाची चटणी, हुरडा यांचे कण खड्ड्यात शिरतात, ते दोन-तीन आठवडे बाजूला ठेवावेत. दाताने ऊस सोलून खाणे महिनाभर बंद. हाड कमी केलेल्या जागी जबडा तेवढा काळ नाजूक असतो.

तिसऱ्या दिवशी कमी होत आलेली वेदना अचानक वाढली, कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास आला आणि खड्डा रिकामा, राखाडी दिसला, तर गुठळी निघून गेली आहे असे समजावे. याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दाताच्या बाबतीत हे शंभरात एक ते पाच वेळा घडते, खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेत त्याहून कितीतरी अधिक. उपाय सोपा आहे. दंतवैद्य खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतात. त्या पट्टीत बहुधा लवंगेतले युजेनॉल असते. म्हणून घरीच लवंगेचे तेल ओतायचे असे नाही, उघड्या जखमेत ते भाजते.

तंबाखू आणि न उघडणारे तोंड

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही तो मिळतो. तंबाखू-चुना आणि बायकांमधली मिश्री यांवर तर बंदीही नाही. दाढ काढल्यावर तंबाखू ओढणे गुठळीला मारक आहे. धुराने रक्तपुरवठा घटतो, ओढण्याच्या जोराने गुठळी सुटते. तंबाखूचा बार भरणे आणि मिश्री लावणे म्हणजे उघड्या जखमेवर ती चोळणे. निदान आठवडाभर हे सगळे बंद हवे, आणि आठवडाभर सुटले तर पुढेही सुटू शकते.

याहून गंभीर गोष्ट अशी की तोंड न उघडण्याचे कारण दर वेळी अक्कलदाढ नसते. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतले अस्तर कडक होते, पांढरे पट्टे उमटतात, तिखट झोंबते आणि तोंड हळूहळू बंद होत जाते. मुंबईचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आज त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि तो कर्करोगाकडे नेऊ शकतो. फरक ओळखण्याची खूण अशी: दाढेमुळे तोंड चार-आठ दिवसांत बंद होते आणि सूज उतरली की उघडते, सुपारीमुळे ते महिन्यामहिन्याने बंद होते आणि आपोआप उघडत नाही. दाढ काढलेली जागा तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तिथे मांस वाढले किंवा जखम राहिली, तर ती तपासून घ्यायलाच हवी.

गैरसमज आणि धोक्याच्या खुणा

दाढ काढली की नजर जाते, ही भीती आजही माणसांना वर्षानुवर्षे थांबवते. दाताची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत. दाढ काढल्याने नजर जात नाही. आठवडी बाजारात ‘दाढेतला किडा’ काढून दाखवणारे आणि भुईरिंगणीच्या बियांची धुरी देणारेही आहेत. कीड जंतूंनी लागते, दाढेत अळी नसते. रुईचा चीक लावला तर हिरडी जळते.

या गैरसमजांनी वेळ जातो आणि क्वचित जीवही जातो. अक्कलदाढेचा संसर्ग जबड्याखाली उतरून दोन्ही बाजूंना पसरू शकतो. जर्मन शल्यविशारद विल्हेल्म फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णिलेल्या या स्थितीत हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक होतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वासनलिका दाबली जाते. प्रतिजैविके येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलतो, झोपल्यावर श्वास अडकतो, ताप चढतो, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ला फोन करावा.

वेळापत्रक कोणाचे

वैद्यकाचा सल्ला मानला तर अडकलेल्या दाढेची शस्त्रक्रिया, आठवड्याची विश्रांती, टाके काढण्याची फेरी आणि पंधरा-वीस दिवस जपून खाणे एवढा वेळ लागतो. उसाच्या फडात यातले काहीच मिळत नाही. पहाटे उठून मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरणाऱ्याला दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी वाकून ओझे उचलायला लावले तर रक्त सुटते. कोपीपाशी, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, साठवलेल्या पाण्याने चुळा भरायच्या असतात. अशा वेळी दुखऱ्या गालावर गोळ्या गिळत राहणे हाच मार्ग उरतो, आणि वेदनाशामकांचा असा महिनोन्‌महिने मारा मूत्रपिंडाला महागात पडतो.

म्हणून गेवराईपुरते उत्तर बरेचसे कॅलेंडरात आहे. मे ते सप्टेंबर हे महिने गावातले. पट्टा पडून परतल्यावर हिरडी एकदा तरी सुजली असेल तर त्याच उन्हाळ्यात एक्स-रे काढावा. काढण्याची गरज निघाली तर पेरणीची धांदल उरकल्यावर, पोळ्याच्या आधी काढून घ्यावी आणि विरघळणारे टाके मागावेत. गरज नाही असे निघाले तर ‘ठेवावी’ हा निर्णयही कागदावर लिहून घ्यावा, म्हणजे फडाजवळच्या अनोळखी डॉक्टरला तो दाखवता येतो. हंगामाच्या मध्येच सूज आली तर आधी संसर्ग आटोक्यात आणावा आणि काढायची तारीख परतल्यावरची ठरवावी. धोक्याच्या खुणा दिसल्या तर मात्र हंगाम बाजूला ठेवावा.

२०१९ नंतर ऊसतोड कामगारांच्या हंगामाआधी आणि हंगामानंतरच्या आरोग्य तपासणीची मागणी जोर धरत गेली. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळही आहे. या तपासणीत रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यांशेजारी ‘तोंड’ असा एक रकाना वाढवायला फारसा खर्च येणार नाही. एक विजेरी, एक लाकडी पट्टी आणि तोंड किती बोटे उघडते हे पाहणारी आशाताई एवढ्यावर काम सुरू होते. तेवढ्यात अक्कलदाढेची सूज, गालातले पांढरे पट्टे आणि न भरणारी जखम या तिन्ही गोष्टी सापडू शकतात. उचल देताना मुकादम माणसाचे हातपाय बघून घेतो. सरकारने त्याच आठवड्यात त्याचे तोंड बघून घ्यावे.